अनुपान : घाम

कूलरमध्ये पाणी भरता भरता माझ्या कमरेत उसण भरली. कूलर अर्धाच भरला होता; उसण मात्र काठोकाठ. भिलाईतला जून होता आणि पाऊस अजून बस्तरातच रेंगाळत होता. बादली हातातून सुटली, पाणी अंगणभर झालं आणि मी काटकोनात थिजलो. बायको धावत आली. तिने आधी नळ बंद केला, मग कूलरचा पंप पाण्यात बुडालाय ना ते पाहिलं आणि मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली की आधी काय बघायचं आणि नंतर काय, याचा क्रम ठरून गेलेला असतो.

मी एकतीस वर्षं पोलाद कारखान्यात काढली. वर्ध्याला सासुरवाडीत कुणी नवीन माणूस भेटला आणि त्याला हे सांगितलं, की तो आदराने माझ्या दंडांकडे बघतो आणि मग पावसाचा विषय काढतो. मी हिशेब खात्यात होतो. माझा आणि पोलादाचा थेट संबंध म्हणजे टाचणी, स्टेपलरची पिन आणि दुपारचा डबा. या कारखान्यासाठी १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. आज तिथे १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ निघतो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा रूळ रेल्वेला दिला जातो. अशा कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला पंधरा लिटरच्या बादलीने आडवा केला.

पहिलं निदान सासूबाईंनी वर्ध्याहून फोनवर केलं आणि उपायही तिथूनच सांगितला. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घ्यायचा. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय पुढे करून जगात आलेला. बायकोने तातडीने मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, ‘कुणी पायाळू आहे का? अर्जंट.’ रक्तगट मागावा तसं. उत्तरादाखल दोन गणपतीचे फोटो आले, एक ‘बघतो’ आलं आणि मंडळातल्या डॉक्टरीणबाईंचा खुलासा आला. हल्ली बाळ पायाळू दिसलं की बहुतेक वेळा सिझेरियनच करतात, तेव्हा तरुण पिढीत पायाळू मिळणं कठीण. म्हणजे वैद्यकशास्त्राने एक संकट टाळलं आणि त्याबरोबर एक औषधही बाजारातून नाहीसं केलं.

शेवटी एक सापडले. वय अठ्ठ्याहत्तर. बिचारे रिक्षा करून आले. पण गुडघ्यांमुळे त्यांचा पाय माझ्या कमरेपर्यंत काही उचलेना. मी खाली आडवा झालो असतो, पण मग मला कोण उठवणार? दोघेही थोडा वेळ एकमेकांकडे बघत राहिलो. अखेर चहा झाला, मीच त्यांच्या गुडघ्याला बाम चोळून दिला आणि ते बरं वाटतंय म्हणत गेले.

बामाचा वास कुंपणापलीकडे गेला आणि शेजार जागा झाला. भिलाईला लोक ‘मिनी इंडिया’ म्हणतात. कारखाना उभा राहिला तसे देशभरातून लोक आले, आणि प्रत्येक जण येताना ट्रंकेत दोन धोतरं, एक देव आणि आपल्या गावचं औषध घेऊन आला. धोतरं गेली, देव सेक्टरासेक्टरांत वसले, औषधं मात्र अजून घराघरांत आहेत. पलीकडचे बंगाली दादा बोरोलीनची हिरवी ट्यूब घेऊन आले. १९२९ साली कोलकात्यात जन्मलेलं हे मलम फुटलेल्या ओठापासून फाटलेल्या टाचेपर्यंत सगळीकडे चालतं, आणि दादांच्या मते कंबर त्या दोहोंच्या मधेच येते. समोरच्या तेलुगू गारूंनी अमृतांजन पुढे केलं. ‘आमच्या आंध्राच्या माणसाने काढलं,’ ते म्हणाले. खरं आहे, काशीनाथुनी नागेश्वरराव आंध्राचेच. पण त्यांनी ते १८९३ साली काढलं मुंबईत! हे मी त्या काटकोनातूनही त्यांना ऐकवलं. दुखणं कितीही असो, मुंबईवरचा हक्क मराठी माणूस सोडत नाही. मल्याळी चेचींनी केरळातून आलेलं काळपट, उग्र तेल पाठवलं. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी पाजींनी चोळण्याचं काहीच दिलं नाही. तूप आणि सुकामेवा घातलेल्या पिन्न्या दिल्या आणि मलम बाहेरून नको, आतून लाव, असा सल्ला दिला. घरातून कैलास जीवन निघालंच. त्याशिवाय मराठी घरात कुठलंही दुखणं अधिकृत होत नाही.

रात्री झोपलो तेव्हा माझ्या अंगाला राष्ट्रीय एकात्मतेचा वास येत होता. कंबर होती तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाई आली. मराठीत दाई म्हटलं की बाळंतपण आठवतं, पण छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. धुणीभांडी करणाऱ्या या बाईला आमची सगळी गल्ली दाई म्हणते. शिवनाथ नदीच्या बाजूच्या गावातून ती सायकलवर येते आणि नऊ वाजायच्या आत तीन घरं उरकते. तिने मला खुर्चीत तिरका बसलेला पाहिलं.

“का होगे बाबूजी?”

“कनिहा,” मी म्हणालो. छत्तीसगढीत कंबरेला कनिहा म्हणतात, आणि दुखण्याचे शब्द माणूस परभाषेत सगळ्यांत आधी शिकतो.

“टोरा तेल लगावव अउ घाम म बइठव,” तिने पोछा पिळता पिळता निकाल दिला.

टोरा म्हणजे मोहाची बी. आमच्या गोंदियाकडे तिला टोळ म्हणतात. तेव्हा तेलाचं कळलं. पण दुसऱ्या अर्ध्यावर मी अडकलो. एकतीस वर्षं इथे राहून मला ठाऊक होतं की छत्तीसगढीत घाम म्हणजे ऊन. पण कमरेतून कळ निघाली की माणूस मातृभाषेतच ऐकतो. मला ऐकू आलं : तेल लाव आणि घामात बस. आता घाम आणायचा कुठून? मी खिडक्या लावून, कूलर बंद करून, अंगावर चादर घेऊन बसलो. जूनमध्ये, भिलाईत. अर्ध्या तासाने बायको आत आली आणि तिने मला वाफवलेल्या अवस्थेत पाहिलं. तिचा पहिला प्रश्न होता, कूलर कुणी बंद केला.

दाईला हे कळलं तेव्हा ती झाडू टेकवून हसली. तिच्या घामात सकाळचं कोवळं ऊन होतं, माझ्या घामात नुसता मी होतो. पण मला या गोंधळातून एक जुनी गोष्ट आठवली. गोंदियाला लहानपणी आमचे वैद्य पुडी द्यायचे आणि हमखास अनुपान सांगायचे : ही मधातून, ही तुपातून, ही कोमट पाण्यातून. अनुपान चुकलं तर औषध पोटात जाऊन पाहुण्यासारखं नुसतं बसून राहतं, असं ते म्हणत. घामाचा हा मुद्दा मी मनात टिपून ठेवला आणि रविवारी टोऱ्याचं तेल आणायला सुपेल्याला गेलो.

टाउनशिपच्या सरळ रेषेतल्या सेक्टरांतून सुपेल्याला जायचं तर रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. सगळ्या देशाला रूळ पुरवणाऱ्या गावाने पूर्वी सुपेल्याच्या फाटकापाशी रुळांकडे बघत किती आयुष्य घालवलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मी ठेवायला हवा होता. पलीकडे रविवारचा बाजार भरतो. टाउनशिपमध्ये जे जे मिळत नाही आणि खेड्यात जे जे लागतं, ते सगळं तिथे जमिनीवर पसरलेलं असतं. कंडरा लोकांनी विणलेल्या बांबूच्या वस्तू : सूप, टुकना, माती वाहायचा झउहा, पर्रा, हाताने वारा घ्यायचा बिजना. शेजारी लोखंड : विळे, टंगिया म्हणजे कुऱ्हाड, रापा म्हणजे फावडं. मी सहज एक विळा उचलून पाहिला. विकणाऱ्याने विचारलं, “डावरे की उजवे?” विळ्याच्या दात्यांची बाजू हातानुसार बदलते, असं त्याने समजावलं. मी चाट पडलो. इतकी वर्षं ज्या लोखंडाच्या राशींची मी बेरीज केली, त्यातल्या एकाही टनाने कुणाला डावरा की उजवा हे विचारलं नव्हतं.

मग खुमरी दिसली. बांबूची रुंद टोपी. गुराखी आणि शेतकरी ती उन्हापावसात घालतात. आपल्या कोकणातल्या इरल्याची ही लांबची बहीण, फक्त इरलं पाठ झाकतं आणि खुमरी डोक्यावर आटोपते. मी ती घेतली, घातली आणि स्कूटरवर बसलो. चौकात हवालदाराने थांबवलं. “हेल्मेट?” मी खुमरीकडे बोट दाखवलं. त्याने तिच्यावर टिचकी मारून पाहिली, जरा विचारात पडला, आणि म्हणाला, “बैल किधर है?”

तेलवाला भेटला तो जडीबुटीच्या छत्रीखाली. त्याच्या भोंग्यातून कमर, घुटना, कंधा, गर्दन अशी शरीराची यादी रेल्वेच्या उद्घोषणेसारखी चालू होती. छत्रीखाली भुईनीम होती, तापावरची, इतकी कडू की ताप स्वतःहून निघून जावा. हर्रा, बहेरा होते. आपले हिरडा आणि बेहडा. चरोट्याचं बी होतं. हा चरोटा म्हणजे विदर्भातला तरोटा, कोकणातला टाकळा. पहिल्या पावसात फुकट उगवतो म्हणून गरिबाची भाजी, आणि म्हणूनच आपण त्याला तण म्हणतो. करंजाचं तेल खाजेला, टोऱ्याचं चोळायला.

त्याने बाटली द्यायच्या आधी माझी चौकशी केली.

“बोझा उठाते हो?”

“नाही.”

“खेती?”

“नाही.”

“रिक्शा? मिस्त्री काम?”

“नाही. ऑफिसात होतो. आता रिटायर.”

त्याने भोंगा बंद केला. ‘मग दुखायला काय झालं?’ अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला आणि तेल दिलं. पण ज्या चेहऱ्याने दिलं, त्यावरून मी ते लबाडीने घेतोय असं मलाच वाटलं. दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड बनवून घेतल्यासारखं.

आठवडाभर तेल लावलं. कंबर चकचकीत झाली. वाकत नव्हती, एवढंच.

दरम्यान बायकोने माझा आहार ताब्यात घेतला. म्हणजे आहार दाईला विचारून ठरू लागला. दाईचं उत्तर एकच : बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी कच्चा कांदा, मिरचीची चटणी, दही, जमल्यास भाजी यांच्याबरोबर खायचा, ती बासी. त्याच दिवशीचा निवलेला भात पाण्यात घातला तर ते बोरे. मराठी घरात रात्रीच्या भाताला शिळा म्हणतात आणि त्याची अब्रू झाकायला सकाळी फोडणी देतात. छत्तीसगढात तोच भात पाण्यात पोहून उठतो आणि मानाने ताटात येतो. १ मे २०२२ रोजी, कामगार दिनी, त्या वेळचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं, आणि त्या दिवशी मोठमोठ्या साहेबांचे बासी खातानाचे फोटो झळकले. जन्मात पहिल्यांदा शिळा भात खाणारा माणूस फोटोत ओळखू येतो. तो भाताकडे बघत नाही, कॅमेऱ्याकडे बघतो.

मी कॅमेऱ्याशिवाय खाल्ली. चव खरंच छान : आंबूस, गार, कांद्याच्या तिखट चाव्याने मधेच जागी करणारी. सकाळी आठ वाजता वाडगाभर बासी खाऊन मी खुर्चीत बसलो आणि पावणेबाराला उठलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी दाईजवळ तक्रार केली, की तुमच्या बासीने झोप येते. दाईने हात थांबवले.

“ये ह कमइया मन के जेवन आय, बाबूजी. बइठइया मन के नो हे.”

कमावत्यांचं जेवण आहे, बसणाऱ्यांचं नव्हे. बासी खाऊन माणसाने दुपारपर्यंत गुडघाभर चिखलात उभं राहायचं असतं. घामावाटे जे पाणी आणि मीठ जातं, ते त्या वाडग्यातून परत मिळतं. मी ते मीठपाणी घेत होतो आणि एक थेंबही खर्चत नव्हतो. हिशेब खात्यात याला आम्ही वेगळा शब्द वापरत असू आणि चौकशी लावत असू.

हा मीठपाण्याचा हिशेब भिलाईजवळच एका ठिकाणी फार गांभीर्याने मांडला गेला आहे. आमच्या भट्ट्यांना लागणारं लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून येतं. तिथल्या कंत्राटी खाणकामगारांनी १९७७ साली कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या बरोबरीने आपली संघटना उभी केली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात अकरा जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या हातांनी शहीद हॉस्पिटल बांधलं. ३ जून १९८३ रोजी ते सुरू झालं. माती वाहणाऱ्यांनीच त्याची माती वाहिली. तिथल्या डॉक्टरांनी एक काम असं केलं, की ज्याने कुठल्याही औषध कंपनीचं भलं झालं नाही : हगवणीला सलाईनची बाटली आणि रंगीत टॉनिक मागू नका, घरी मीठ-साखरेचं पाणी करा, हे वस्त्यावस्त्यांत जाऊन शिकवलं. लिटरभर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जातीच्या पाण्याने हजारोंना वाचवलं होतं. पुढे साखरेऐवजी तांदळाच्या पिठाचं द्रावणही करून पाहिलं गेलं आणि तेही उपयोगी ठरलं. हे कळल्यापासून मी दाईच्या वाडग्याकडे जरा सावरून बसून बघतो. नियोगी २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत असताना गोळी घालून मारले गेले. हॉस्पिटल चालू आहे.

फुकटच्या वस्तूची किंमत कळायला ती महाग व्हावी लागते, आणि याचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्या राज्यात शेणाने घालून दिलं. २० जुलै २०२० ला, हरेलीच्या सणाला, सरकारने दोन रुपये किलोने शेण विकत घ्यायला सुरुवात केली. बचत गटांच्या बायका त्याचं खत करू लागल्या, पणत्या करू लागल्या. ९ मार्च २०२२ रोजी मुख्यमंत्री अर्थसंकल्प घेऊन विधानसभेत आले तेव्हा त्यांच्या हातातली ब्रीफकेस शेणाची होती. त्याच वर्षीच्या हरेलीपासून गोमूत्रही चार रुपये लिटरने घेणं सुरू झालं. पण माझ्यातला हिशेबनीस सद्गदित झाला तो जून २०२१ च्या एका बातमीने. कोरबा जिल्ह्यातल्या धुरेना गावातून आठशे किलो शेण चोरीला गेलं आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. दोन रुपये दराने किंमत सोळाशे. पुढचा तपास कसा झाला असेल ते माझ्या डोळ्यांसमोर अजून येतं : जप्ती, पंचनामा, आणि फिर्यादीने समोरच्या ढिगांतून आपलं शेण ओळखून दाखवणं. दाईला ही बातमी वाचून दाखवली, तेव्हा तिला चोरीचं नवल नव्हतं. आठशे किलो डोक्यावरून वाहून नेणाऱ्या माणसाला चोर कसं म्हणता, चार दिवसांची मजुरी झाली ती, एवढंच तिचं म्हणणं होतं.

दाईच्या सगळ्याच औषधांचं मी कौतुक करतो असं नाही. तिच्या कमरेला एक छोटी गोल डबी खोचलेली असते. तीत गुडाखू असते : तंबाखू आणि गुळाची मळी मळून केलेलं काळं, दाट, चिकट मिश्रण. बोटावर घ्यायची आणि दातांवर, हिरड्यांवर घासायची. सकाळी, जेवल्यावर, चार वाजता, आणि मधे कधी जीव उदास झाला तर तेव्हाही. नाव दंतमंजनाचं, काम वेगळंच. आपल्याकडे हे खातं मशेरी सांभाळते. माझी आजी मशेरी लावायची, आणि घरात सगळ्यांत जास्त वेळा दात घासणाऱ्या त्या माउलीच्या तोंडात साठीत एकही दात नव्हता. दाईला मी अधूनमधून कॅन्सरबद्दल सांगतो. ती ऐकून घेते. मग म्हणते, एखाद दिवस नाही घासली तर “हाथ-गोड़ नइ चलय.” हातपाय चालत नाहीत. भूक मारायची, थकवा लपवायचा आणि हातपाय चालवायचे. ही तीन कामं करणारं औषध कोणत्या धन्याला नको असेल? त्याची किंमत फक्त शेवटी एकदम वसूल होते, आणि तीही धन्याकडून नाही.

जुलै संपत आला. पाऊस लागला. कूलर झाकला गेला, माझी कंबर मात्र अजून उघड्यावर. एका सकाळी दाई आली आणि पोछा मारताना दोनदा थांबली. आम्ही एकतीस वर्षांत तिला असं कामात मधेच थांबताना पाहिलं नव्हतं. मग ती बायकोजवळ गेली आणि हळूच विचारलं,

“दीदी, दरद के गोली हे का?”

गावात धानाची रोवणी चालू होती. पहाटे शेतात वाकायचं, मग सायकल मारत इकडे येऊन फरशीवर वाकायचं. कनिहा तिचीही धरली होती. माझ्यापेक्षा आधीची असावी. मी उत्साहाने आत गेलो आणि टोऱ्याच्या तेलाची बाटली घेऊन आलो. “हे लाव,” मी म्हणालो, “आणि घामात बस.”

तिने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तेल लावायला आणि उन्हात बसायला वेळ कुणाला आहे, असं ती बोलली नाही. फक्त गोळीसाठी हात पुढे केला, कोरडीच गिळली आणि भांड्यांकडे वळली. तिच्याकडे घाम होता, वेळ नव्हता. माझ्याकडे वेळच वेळ होता. दोघांकडे मिळून एक पूर्ण औषध होतं.

रोवणी आणि हरेली मिळून तिने चार दिवसांची सुट्टी मागितली. हरेली म्हणजे आपली दिव्याची अमावस्या. त्या अमावस्येला महाराष्ट्रात काही जण श्रावणाच्या भीतीने जे काही उरकून घेतात त्याबद्दल मी लिहीत नाही. इथे त्या दिवशी नांगर, कुदळ, विळा धुऊन त्यांची पूजा होते. मुलं गेडीवर चढतात. बांबूच्या उंच पायांवरून चिखल तुडवत गावभर फिरतात. राऊत दारावर कडुनिंबाची डहाळी खोचून जातो आणि लोहार येऊन चौकटीत एक खिळा ठोकतो, घराला कसली बाधा होऊ नये म्हणून. दाईच्या गावापासून पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसतात. त्या सावलीतही घर राखायचं काम लोहाराच्या एका खिळ्याकडेच आहे, आणि मला तर वाटतं ते बरोबर आहे. २६० मीटरचा रूळ दारात ठोकता येत नाही.

चार दिवस दाई नाही म्हटल्यावर बायकोने माझ्याकडे पाहिलं. पूर्वीचाच क्रम : आधी भांड्यांचा ढीग, मग फरशी, मग मी. पहिल्या दिवशी भांडी घासताना मी चार वेळा ‘आई गं’ म्हणालो आणि एक कप फोडला. पोछा उकिडवं बसून मारायचा असतो हे मला एकतीस वर्षं समोर बघूनही माहीत नव्हतं; मी उभ्याने पायाने मारला. दुसऱ्या दिवशी उकिडवा बसलो. बसताना कळ आली, उठताना आली, तिसऱ्या खोलीपर्यंत ती कंटाळली असावी. कपाळावरून काहीतरी नाकाच्या शेंड्यावर आलं आणि फरशीवर टपकलं. मी आधी छताकडे पाहिलं, गळतं की काय म्हणून. तिसऱ्या सकाळी बासी खाल्ली आणि झोप आली नाही. चौथ्या दिवशी खाली पडलेला चमचा मी वाकून उचलला आणि उचलल्यावर लक्षात आलं की मी वाकलो होतो.

श्रेयाचा वाद अजून चालू आहे. सासूबाई म्हणतात, पायाळू घरी येऊन गेले, त्याचा गुण. दादा बोरोलीन म्हणतात, गारू अमृतांजन. पाजींनी नव्या पिन्न्या पाठवल्या. मी सगळ्यांना एकच सांगतो : औषधं सगळीच बरी होती, माझं अनुपान चुकत होतं.

पाचव्या दिवशी दाई आली. हातावरची माती अजून पुरती निघाली नव्हती, चाल जरा मोकळी होती. मी अभिमानाने तिला ओट्यापाशी नेलं आणि माझी चार दिवसांची लखलखीत भांडी दाखवली. तिने एक पातेलं उचललं, उजेडात धरलं, आतून बोट फिरवलं.

मग पदर खोचला आणि सगळी भांडी पुन्हा घासायला घेतली.